नकार नेमका कुणाचा?

बॉयलर थंड पडला की आपण लगेच म्हणतो, बिघडला. ब्रिटनमधल्या घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला तो पांढरा गॅस बॉयलर मात्र पुष्कळदा धडधाकट असतो. त्याने पेटायला नकार दिलेला असतो, इतकंच. आत पाण्याचा दाब कमी आहे म्हणून, धूर बाहेर जाईल याची खात्री पटली नाही म्हणून, ठिणगी पडूनही ज्योत जाणवली नाही म्हणून. किंवा अगदीच साधं, दिवाणखान्यातल्या थर्मोस्टॅटने त्याच्याकडे ऊब मागितलीच नाही म्हणून. गॅसचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी अनेक ठिकाणांहून होकार यावा लागतो आणि त्यातल्या एकाने अडवलं तरी सगळं थांबतं. दुरुस्तीचं अर्धं काम म्हणजे हा अडवणारा शोधणं. ते एकही स्क्रू न काढता, गॅसला हात न लावता करता येतं आणि या प्रकरणात आपण तेवढंच करणार आहोत.

पुण्याहून किंवा ठाण्याहून नोकरीसाठी रेडिंगला, लेस्टरला गेलेल्या कुटुंबाची या यंत्राशी पहिल्याच हिवाळ्यात गाठ पडते. तोवर त्यांचा अनुभव गीझरचा. घरातल्या आजीचा बंबाचा. अंघोळीचं पाणी तापवतात हे माहीत असतं, अख्खं घर तापवायचं ही गोष्ट नवी. खुद्द ब्रिटनमध्येही ती फार जुनी नाही. १९७० च्या सुमाराला तिथल्या निम्म्याहून बऱ्याच कमी घरांत सेंट्रल हीटिंग होतं. बाकीचे लोक एका खोलीत शेगडीभोवती बसत आणि दुसऱ्या खोलीत गारठून झोपत. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि चित्र पालटलं. १९६७ ते १९७७ या काळात घरोघरी जाऊन जुन्या कोळसा-वायूवर चालणारी सुमारे चार कोटी उपकरणं नव्या वायूसाठी बदलण्यात आली. स्वस्त वायूच्या मागोमाग घराघरांत रेडिएटर आले.

आज तिथे सर्रास दिसतो तो 'कॉम्बी' बॉयलर. त्यात पाण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. एक बंदिस्त: तेच ते पाणी बॉयलरमधून रेडिएटरांत आणि तिथून परत, वर्षानुवर्षं फिरत राहतं. दुसरा नळाचा: बाहेरून गार पाणी येतं, आतल्या पातळ पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरमधून जाताना तापतं आणि नळातून बाहेर पडतं. ज्योत एकच, त्यामुळे एका वेळी एकच काम, आणि नळाचा मान पहिला. कुणी अंघोळीला गेलं की तेवढा वेळ रेडिएटर थांबतात. तापलेलं पाणी इकडे की तिकडे, हे डायव्हर्टर व्हॉल्व्ह ठरवतो.

सर्वांत उपयोगी चाचणी यातूनच निघते. रेडिएटर गार आहेत? मग गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा. मिनिटभरात पाणी चांगलं कढत आलं, तर वीज आहे, गॅस आहे, पंप आणि पंखा फिरताहेत, ठिणगी पडते, ज्योत टिकते, हे सगळं एका फटक्यात सिद्ध झालं. आता नकार द्यायला उरले थर्मोस्टॅट, टायमर, त्यांच्या वायरी आणि डायव्हर्टर. नळही गार आणि रेडिएटरही गार, तर प्रश्न बॉयलरच्या पोटात किंवा त्याला बाहेरून जे मिळायला हवं त्यात. याच्या उलटही होतं: रेडिएटर मस्त तापतात आणि नळाला कोमट पाणी. तेव्हा संशय डायव्हर्टरवर, नाहीतर नळाचा प्रवाह मोजणाऱ्या आतल्या चिमुकल्या चक्रीवर. भर उन्हाळ्यात नळ सोडल्यावर रेडिएटर तापू लागले, तर डायव्हर्टर अर्धवट अडकला आहे असं समजायला हरकत नाही.

नळ पूर्ण उघडायला सांगण्यामागे कारण आहे. मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटर पाणी वाहिल्याशिवाय ती चक्री 'पाणी हवंय' असं बॉयलरला कळवत नाही. भारतीय सवयीने नळ बारीक धारेवर ठेवून भांडी घासणाऱ्याला म्हणूनच गार पाणी मिळतं, आणि तो बिचारा बॉयलरला दोष देत बसतो. दुसरा गैरसमज जानेवारीतला: 'उन्हाळ्यात शॉवर किती जोरात यायचा, आता बॉयलर म्हातारा झाला.' हिशोब करून पाहू. २४ किलोवॅटचा बॉयलर पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवत असेल, तर मिनिटाला जेमतेम १० लिटर देऊ शकतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी १५ अंशांवर येतं, ते ५० पर्यंत जातं. कडाक्याच्या थंडीत तेच ५ अंशांवर येतं. तेवढंच गरम हवं असेल तर धार बारीक करावी लागते. यंत्र तेच, त्याची ताकदही तीच. आपल्याकडच्या ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरला हेच गणित लावलं तर मिनिटाला सव्वा लिटर निघतं. बादली भरायला इतका वेळ का लागतो, त्याचं उत्तर यात आलं.

आता नळाला पाणी कढत आहे आणि घर गार आहे, असं धरून पुढे जाऊ. म्हणजे ऊब मागणारे कुठेतरी गप्प आहेत. हे मागणारे बहुधा ओळीने जोडलेले स्विच असतात: आधी वेळ ठरवणारा टायमर, मग तापमान पाहणारा थर्मोस्टॅट. दोघांची परवानगी एकाच वेळी मिळाली तरच बॉयलरपर्यंत निरोप पोचतो. सकाळी दहाला टायमरची वेळ संपली असेल, तर थर्मोस्टॅट कितीही फिरवा, काही होणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे जातात. जुन्या यांत्रिक टायमरला हे कुणी सांगत नाही. रात्री वीज जाऊन आली तर त्याची तबकडी तेवढीच मागे राहते. घड्याळ बदललं की मात्र तो तासभर पुढे असतो, म्हणून पहाटे पाचला घर तापतं आणि सात वाजता, सगळे उठतात तेव्हा, थंड व्हायला लागतं. पाहायची पहिली गोष्ट म्हणून टायमरवरची वेळ. हे सुचवलं की लोकांना अपमान वाटतो, पण इंजिनिअर आल्याबरोबर तेच पाहतो आणि त्याचे पैसे घेतो.

थर्मोस्टॅट हा मुळात एक स्विच आहे. जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. ऊब मिळाली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त पसरतो, पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. अशी पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी आपल्या सागरी घड्याळात वापरली होती, हेतू अर्थात वेगळा. खोलीच्या तापमानावर विजेने नजर ठेवण्याचं पेटंट १८८३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन या प्राध्यापकांनी घेतलं. तोवर त्यांच्या शिक्षणसंस्थेत शिपाई वर्गावर्गात डोकावून तापमान पाहायचा आणि तळघरात जाऊन वाफेचे व्हॉल्व्ह कमी-जास्त करायचा. त्या शिपायाचं काम आज दोन डबल-ए बॅटऱ्यांवर चालणारी डबी करते. त्या बॅटऱ्या मेल्या की शिपाई गैरहजर.

बिनतारी थर्मोस्टॅटची गंमत अशी की बॅटरी उतरत आली तरी पडद्यावर आकडे दिसत राहतात; निरोप दूरवर फेकण्याइतकी शक्ती तेवढी उरत नाही. थर्मोस्टॅट 'चालू' म्हणतो, बॉयलरला काही ऐकू येत नाही. अशा वेळी बॉयलरजवळचा रिसीव्हर शोधावा. त्यावर बहुतेक वेळा हाताने चालू करण्याचं एक बटण असतं. ते दाबल्यावर रेडिएटर तापू लागले तर बॉयलर, पंप, वायरी सगळं ठीक आहे. दुखणं बॅटरीत किंवा दोघांचा दुवा तुटण्यात. बॅटऱ्या बदलाव्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जोडी पुन्हा जुळवावी. मोबाईलवरून चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं ॲप काय म्हणतं त्यापेक्षा रिसीव्हरचा दिवा काय म्हणतो त्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

थर्मोस्टॅट तीसवर ठेवल्याने घर लवकर तापत नाही. आपल्याकडे एसी सोळावर लावणाऱ्यांची जी समजूत असते, तीच ही. आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. थर्मोस्टॅट कुठे लावला आहे याला मात्र फार महत्त्व आहे. उन्हाची तिरीप पडणाऱ्या भिंतीवर किंवा रेडिएटरच्या डोक्यावर तो असेल, तर त्याला ऊब लवकर मिळते आणि तो सगळ्या घराच्या वतीने 'पुरे' म्हणून टाकतो. वरच्या मजल्यावर मुलं गोधडीत. स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला थर्मोस्टॅट पोळ्या भाजून होईपर्यंत समाधानी असतो, हे अनेक मराठी घरांत दिसतं.

जुन्या धाटणीच्या थर्मोस्टॅटमध्ये एक कमी माहिती असलेली खोड आहे. त्याच्या आत एक बारीक रोध बसवलेला असतो. थर्मोस्टॅट चालू असताना तो किंचित तापतो आणि पट्टीला खरी ऊब पोचण्याच्या थोडं आधीच स्विच तोडतो, म्हणजे रेडिएटरमधली उरलेली उष्णता बाकीचं काम करते आणि खोली अति तापत नाही. या रोधाला न्यूट्रल वायर लागते. बसवणाऱ्याने ती जोडली नसेल तर थर्मोस्टॅट चालतो, पण आळशीपणाने; खोली आधी उकडते, मग गारठते, आणि माणसं वर्षानुवर्षं तबकडी इकडेतिकडे फिरवत राहतात. वायर तपासणं हे मात्र २३० व्होल्टचं काम आहे, ते जाणकारालाच करू द्यावं.

प्रत्येक रेडिएटरच्या कोपऱ्यात आकडे असलेलं जे डोकं दिसतं, तो आणखी एक थर्मोस्टॅट. पण तो बॉयलरशी बोलत नाही, फक्त स्वतःच्या रेडिएटरचं पाणी अडवतो. डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये तो तयार केला. आतला मेणाचा किंवा द्रवाचा गोळा ऊब लागून फुगतो आणि एक पिन आत दाबतो. तीनचा आकडा म्हणजे ढोबळमानाने २० अंश, बर्फाच्या चांदणीचं चिन्ह म्हणजे पाइप गोठू नयेत इतपत. उन्हाळाभर बंद राहिलेली ही पिन थंडी आली की आतच चिकटून राहते. एकच रेडिएटर गार असेल तर वरचं डोकं फिरवून काढावं, पिन थोडीशी बाहेर दिसेल, ती एखाद्या सपाट वस्तूने हळूच दाबून सोडावी. चार-पाच वेळा केल्यावर ती परत उसळू लागते. पकडीने ओढू नये. ती हातात आली तर मागोमाग काळं पाणीही येतं. जाड पडद्यामागे झाकलेल्या रेडिएटरचं डोकं पडद्यातली हवा मोजतं, त्यालाही बोलून उपयोग नाही.

रेडिएटर वरून गार आणि खाली गरम, तर आत हवा साठली आहे. किल्लीने वरचा छोटा स्क्रू सैल करून फुस्स आवाज थांबेपर्यंत सोडायची. खालून गार आणि वर गरम, तर तळाशी गाळ आहे. बंदिस्त पाण्यात लोखंड गंजून काळी भुकटी होते, मॅग्नेटाइट म्हणतात तिला, लोहचुंबकाला चिकटते. म्हणून नव्या बॉयलरजवळ परतीच्या पाइपवर चुंबकाची गाळणी बसवतात.

जुन्या मोठ्या घरांत कॉम्बीऐवजी साधा बॉयलर आणि वर कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर असतो. तिथे नळाची चाचणी चालत नाही, कारण नळाला येणारं पाणी पहाटेच तापवून साठवलेलं असू शकतं. त्या घरांत साखळीतला एक कच्चा दुवा म्हणजे मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट आधी या व्हॉल्व्हला उघडायला सांगतो. तो पूर्ण उघडला की त्याच्या पोटातला मायक्रोस्विच दाबला जातो आणि तिथून नारिंगी वायरीने बॉयलरला 'आता पेट' असा निरोप जातो. मोटर जळाली किंवा मायक्रोस्विच झिजला, तर थर्मोस्टॅटही बरोबर, बॉयलरही बरोबर, आणि घर थंड. हीटिंग चालू असताना व्हॉल्व्हच्या बाजूची छोटी दांडी हलवून पाहावी. सैल हलली तर व्हॉल्व्ह उघडलेला आहे. स्प्रिंगचा जोर लागत असेल तर तो अजून बंदच आहे. एवढं सांगितलं तरी येणारा माणूस योग्य सुटा भाग बरोबर आणतो.

आता दुसरी बाजू: नळ गार, रेडिएटर गार. बॉयलरच्या पडद्यावर काहीच दिसत नसेल तर जवळच्या भिंतीवर ३ अँपिअरचा फ्यूज असलेला स्विच शोधा. स्वयंपाकघरात डिशवॉशरच्या नि ओव्हनच्या स्विचांच्या गर्दीत तो कुणीतरी चुकून बंद केलेला असतो. पडदा चालू असेल तर गॅसची शेगडी पेटवून पाहा. शेगडीही पेटत नसेल तर मीटर पाहा. भाड्याच्या अनेक घरांत आधी पैसे भरायचे मीटर असतात आणि रविवारी सकाळी शिल्लक संपते.

मग दाबाचा काटा. बंदिस्त मार्गात पाणी थंड असताना १ ते १.५ बार दाब हवा. तो फार खाली गेला की बॉयलर पेटत नाही. वेलंट कंपनीच्या बॉयलरवर तेव्हा 'एफ २२' उमटतं. खाली जाड विणीची रुपेरी नळी असते, तिचे कॉक उघडले की मुख्य नळाचं पाणी आत शिरतं आणि काटा चढतो. दीडवर आला की दोन्ही कॉक घट्ट बंद. पाच मिनिटांचं काम आहे, आणि म्हणूनच धोक्याचं, कारण लोकांना त्याची सवय लागते. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. शिवाय ताजं पाणी आलं की त्यात विरघळलेला प्राणवायूही आला, म्हणजे गंज आला, गंजाबरोबर मघाचा काळा गाळ, आणि तो गाळ पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो. दाब भरत राहण्याने दोन वर्षांनी होणारं नुकसान ठिबकणाऱ्या एका जोडापेक्षा कितीतरी महाग पडतं.

पाणी कुठे जातंय हे काट्याच्या हालचालीवरून ओळखता येतं. १० अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापवलं की ते सुमारे दोन टक्क्यांनी पसरतं. घरातल्या पाइपांत नि रेडिएटरांत १०० लिटर असेल तर दोन लिटर जास्तीचं. बंद पाइपांत ते जाणार कुठे? त्यासाठी बॉयलरमध्ये एक एक्स्पान्शन व्हेसल असतं: चपटा डबा, मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी पसरलं की ते हवेला दाबतं. ही हवा वर्षानुवर्षं हळूहळू निसटते. ती संपली की पसरणाऱ्या पाण्याला जागाच नाही. हीटिंग चालू होताच काटा ३ कडे धावतो, ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरच्या भिंतीतून डोकावणाऱ्या तांब्याच्या नळीतून पाणी सांडतं. घर थंड झालं की काटा शून्यावर. गरम असताना वर आणि थंड असताना तळाला, अशी काट्याची येरझार दिसली तर फरशीखालची गळती शोधण्यात पैसे घालवू नयेत. आधी ते व्हेसल तपासून घ्यावं. काटा गरम-थंड दोन्ही वेळा थोडा थोडा उतरत असेल, तर मात्र गळती. रेडिएटरांच्या जोडांवर हिरवट किंवा पांढरट डाग दिसतात, तिथे बोट फिरवावं.

थंडीच्या लाटेत मात्र वेगळाच नकार येतो. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवे गॅस बॉयलर 'कंडेन्सिंग' असावेत असा नियम झाला. मिथेन जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर गॅसमागे सुमारे दीड लिटरभर पाणी. जुने बॉयलर ती वाफ धुराड्यातून फेकून देत. नवे तिला थंड करून तिच्यातली उष्णताही वापरतात आणि मागे आम्लधर्मी पाणी उरतं, ते प्लास्टिकच्या नळीने गटारात जातं. बसवणाऱ्याने ही नळी भिंतीबाहेरून लांबवर आडवी नेली असेल, तीही बोटाएवढी बारीक, तर कडाक्याच्या रात्री आतलं पाणी गोठतं. पाणी मागे तुंबतं, बॉयलर पेटण्याच्या क्षणी गडगड असा आवाज करतो आणि बंद होतो. डिसेंबर २०१० मध्ये, शंभरहून अधिक वर्षांत न पाहिलेल्या थंडीत, ब्रिटनभर हजारो बॉयलर एकाच आठवड्यात असे अडले आणि इंजिनिअर मिळेना झाले. उपाय घरच्या घरी आहे: बाहेरच्या नळीवर, विशेषतः कोपरे आणि टोकाशी, कोमट पाणी ओतत राहायचं. उकळतं नको, नळी तडकते आणि अंगणात बर्फाची घसरगुंडी होते ती वेगळीच. बर्फ सुटला की रीसेटचं बटण एकदा दाबायचं. पुढच्या थंडीआधी नळी रुंद करून तिच्यावर वेष्टण घालून घ्यावं.

या कंडेन्सिंगचं एक गुपित नियंत्रणात दडलेलं आहे. वाफेचं पाणी व्हायला रेडिएटरांतून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. कारखान्यातून किंवा बसवणाऱ्याकडून जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७०-८० वर ठेवलेलं असेल, तर बॉयलर नावाला कंडेन्सिंग. रेडिएटरचं चिन्ह असलेली कळ ६० च्या आसपास आणावी. घर तापायला थोडा जास्त वेळ लागतो, गॅस कमी जळतो. नळाचं चिन्ह असलेली कळ वेगळी, दोन्हींची गल्लत करू नये. आणि ज्या घरात गरम पाणी सिलिंडरमध्ये साठतं तिथे ते ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

बॉयलर पेटताना कान देऊन ऐकलं तर तो कुठे अडतो ते कळतं. आधी पंपाची गुणगुण. मग पंखा वेग घेतो, आत राहिलेला वायू बाहेर ढकलतो. मग टक-टक-टक ठिणग्या. मग गॅसचा व्हॉल्व्ह, हलकासा 'भप'. यानंतर बॉयलर ज्योत पेटली का ते पाहतो, तेही विजेने: ज्योतीत भारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा असा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. काही सेकंदांत तो जाणवला नाही तर गॅस तोडला जातो. पुन्हा एक-दोन प्रयत्न, आणि मग कुलूप. वेलंटवर 'एफ २८', वुस्टर बॉशवर 'ईए'. पंखाच फिरला नाही, ठिणगीचा आवाजच आला नाही, की पेटून लगेच विझला, या तीन गोष्टींत तीन वेगवेगळी दुखणी आहेत. फोनवर ती नीट सांगता आली पाहिजेत.

रीसेट एकदा दाबावं, फार तर दोनदा. दर तासाला रीसेट दाबून घर चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. बॉयलर जीव तोडून 'नाही' म्हणतोय आणि हे त्याच्या तोंडावर हात ठेवताहेत. इथून पुढे झाकण उघडायचं नाही. ते झाकण नुसतं शोभेचं नसतं. अनेक बॉयलरमध्ये ते ज्वलनाची खोली घरापासून हवाबंद ठेवतं.

ही हवाबंदी का, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला जास्त चांगलं कळेल. १८६८ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी वाहतं पाणी गॅसने तापवणाऱ्या न्हाणीघरातल्या गीझरचं पेटंट घेतलं. त्याला धुराडंच नव्हतं, जळलेला वायू तिथेच राहायचा. आपल्याकडचे एलपीजीवरचे गीझर आजही छोट्याशा बाथरूममध्ये लावले जातात, थंडी म्हणून खिडकी बंद केली जाते, ज्योत त्याच खोलीतला प्राणवायू खाते आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. अंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आलीच नाही, अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. ब्रिटनमधला आधुनिक बॉयलर घरातली हवा वापरतच नाही. एकात एक बसवलेल्या दोन नळ्या भिंतीबाहेर जातात. बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो. झाकणाची सील निघाली की हा सगळा बंदोबस्त फुकट.

कायदाही याच अनुभवातून कडक होत गेला. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर, शेगडीच्या गॅसजोडणीतल्या सदोष नटमुळे गळती होऊन स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. चार जण गेले. १९७० मध्ये गॅसचं काम करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी 'कॉर्गी' ही संस्था निघाली, १ एप्रिल २००९ पासून तिची जागा 'गॅस सेफ रजिस्टर'ने घेतली. तिथे नाव नसलेल्या माणसाने पैसे घेऊन गॅसचं काम करणं गुन्हा आहे, मग तो मंडळातल्या ओळखीचा का असेना. कार्ड मागावं, आणि उलटून पाहावं. कोणत्या प्रकारच्या कामाची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. भाड्याच्या घरात घरमालकाने दर बारा महिन्यांनी गॅसची तपासणी करून तिची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. घरात सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर पडल्यावर बरं वाटतंय, तर अलार्मची वाट पाहू नये: बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. गॅसचा वास आला तर विजेचं कोणतंही बटण न दाबता बाहेर जाऊन ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.

सर्वांत त्रासदायक बिघाड मात्र अधूनमधून येणारा. इंजिनिअर आला की बॉयलर सज्जनासारखा पेटतो, तो गेला की तासाभरात कुलूप. अशा वेळी फ्रिजवर कागद लावून ठेवावा आणि प्रत्येक वेळी लिहावं: किती वाजले, पडद्यावर कोणता कोड, काटा किती, तेव्हा नळ चालू होता की हीटिंग, बाहेर वारा कसा होता. फक्त वादळी वाऱ्यात बंद पडत असेल तर धुराड्याचं तोंड पाहायला हवं. दोन तास नीट चालून मग बंद पडत असेल, तर तापल्यावर बिनसणारा पंखा किंवा सर्किट बोर्ड. रोज सकाळी सातच्या सुमाराला, सगळी गल्ली एकदम हीटिंग लावते तेव्हाच बंद पडत असेल, तर मीटरपासून येणारा गॅसचा पाइप बारीक आहे का, दाब पडतो का, ते मोजायला त्याला सातलाच बोलवावं लागेल. दुपारी तीनला येऊन तो काहीही मोजो, सगळं बरोबरच निघेल.